मलावीहून आणलेला ताप

"झिकोमो, झिकोमो," असं मी म्हणत होते म्हणे.

मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्या मुलीनं, रूपालीनं, नंतर सांगितलं तेच लिहिते आहे. एप्रिल महिना, जालन्यातलं एक खाजगी हॉस्पिटल, तापाचा पाचवा दिवस. आदल्या संध्याकाळी मला दाखल केलं होतं. ऊन लागलं आणि त्यात कावीळ, असं धरून सलाईन चालू होतं. डोळे पिवळे झाले होते, लघवी काळ्या चहासारखी होत होती आणि माणसं ओळखू येत नव्हती. रूपाली ओला कापूस माझ्या ओठांवर फिरवायची आणि मी दर वेळी म्हणायचे, "झिकोमो."

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "ह्या काय म्हणून राह्यल्या?"

"थँक्यू म्हणून राह्यली," रूपाली म्हणाली. "तिकडची भाषा आहे. मागच्या महिन्यात मम्मी मलावीला गेल्ती ना."

"कुठं?"

"मलावी. आफ्रिकेत."

डॉक्टरांनी फाईल उघडली. त्यात लिहिलेलं होतं, परदेश प्रवास नाही. आमच्या कॉलनीतल्या दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवरून ते उतरवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं रक्त काढायला लावलं आणि नळी स्वतः घेऊन लॅबकडं गेले. तासाभरात कळलं की मलेरिया आहे, आणि त्यातला वाईट, मेंदूत आणि किडनीत जाणारा.

रूपाली तिच्या वडिलांकडं वळली. नर्स, वॉर्डबॉय, शेजारच्या कॉटचे नातेवाईक, सगळे तिथंच होते. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही डॉक्टरला सांगितलंच न्हाई? चार दिवस काय करत होता तुम्ही?"

लागणारं इंजेक्शन जवळ मिळत नव्हतं, म्हणून चिठ्ठी घेऊन ते उन्हात बाहेर पडले आणि दोन तासांनी घेऊन आले.

हे लिहिते आहे ते आधी माझ्यासारख्या प्रवासाला निघालेल्यांसाठी. पण खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नासाठी लिहिते आहे. तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला होता.

कशी गेले

मी सुनंदा खरात, निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं अंबडला सरकारी दवाखान्यात गेली. त्यातली शेवटची बरीचशी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. मिस्टर शाळेत मास्तर होते. अख्खं अंबड त्यांना सर म्हणायचं, मीही सरच म्हणते. निवृत्तीनंतर आम्ही जालन्यात नव्या कॉलनीत घर बांधलं. तिथं फारसं कुणी ओळखीचं नव्हतं.

शहरातल्या जैन-मारवाडी मंडळींचा एक ट्रस्ट मोतीबिंदूची शिबिरं घेतो. मी तिथं मदतीला जायचे. त्यांनी मलावीत, एका खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात तीन आठवड्यांचं शिबिर ठरवलं आणि ट्रस्टचे मोतीलालकाका मला म्हणाले, "सिस्टर, थेटर तुम्हीच सांभाळायचं." माझ्याकडं पासपोर्टही नव्हता. आयुष्यात विमान आकाशातच बघितलेलं.

सरांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "जा. पण तिकडून काही आजार घेऊन आलीस, तर मला सांगू नको बरं का."

मी हसले. पण ते वाक्य मनात रुतून बसलं.

तिथले दिवस

पहाटे झाडूच्या आवाजानं जाग यायची. दवाखान्याभोवतीच्या प्रत्येक घरापुढं एक बाई वाकून अंगण झाडायची. तांबडी माती, तिच्यावर झाडूच्या रेघा. पाऊस संपत आला होता, मका डोक्याच्या वर गेला होता. मागं जालन्यात नळाला पाणी आठवड्यानं येत होतं आणि इथं एवढं हिरवं! मला आधी त्याचाच हेवा वाटला.

तिथं कामाला सुरुवात करण्याआधी विचारपूस करतात. "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी आपल्या मुलींना हाक मारतंय. म्हातारा ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झाला तरी आधी विचारायचा, तुमची रात्र कशी गेली, घरचे बरे आहेत ना. मी उत्तर देईपर्यंत डोळा पुसू द्यायचा नाही. आमच्याकडं मी तीस वर्षं पेशंटला पहिला प्रश्न विचारला तो, "नंबर कितवा?"

पट्टी काढायच्या दिवशी व्हरांडा भरून जायचा. एखाद्या आजीला दिसलं की तिच्याबरोबरच्या बाया जीभ हलवून एकदम उंच आवाज काढायच्या आणि नाचायला लागायच्या. आमचे डॉक्टर पहिल्या दिवशी दचकले. नंतर तेही तो आवाज ऐकण्यासाठी थांबायला लागले.

पेशंटचे नातेवाईक बाहेर शेडमध्ये तीन दगडांवर रांधायचे. मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं न्सिमा, आपल्या ज्वारीच्या घाट्यापेक्षा घट्ट, आणि बरोबर पाल्याची भाजी. मोतीलालकाकांनी पिशवी भरून खाकरे आणि लोणचं आणलं होतं. सगळी टीम तेच खायची. मी मात्र एस्नाटच्या घरी जेवायला जायला लागले. एस्नाट तिथली वॉर्डाची सिस्टर, माझ्याच वयाची, धिप्पाड आणि सारखी हसणारी. ती आमच्यासाठी दुभाष्याचंही काम करायची. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

पहिल्या जेवणाला तिची मोठी मुलगी तांब्या आणि भांडं घेऊन आली, माझ्यापुढं गुडघे टेकून बसली आणि माझ्या हातावर पाणी घालू लागली. तिकडं पाहुण्यांना असंच देतात. माझे हात थांबले. माझ्या आईला गावात पाणी वरून, लांबून ओतलं जायचं. ती ओंजळ धरून प्यायची. हे मी पाहिलेलं आहे. त्या मुलीपुढं मला रडू आलं. एस्नाटला वाटलं, पाणी गरम आहे.

हे सगळं मी बघत होते, आणि तरीही आणखी एक गोष्ट माझ्या हातून झाली.

एक दिवस वीज गेली, जनरेटर बिघडला आणि ऑपरेशनं थांबली. मी एस्नाटबरोबर मुलांच्या वॉर्डात मदतीला गेले. एका कॉटवर दोन-दोन पोरं, सगळी तापाची. दुपारी एक बाई पाठीशी बांधलेलं बाळ घेऊन आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. बाळाला झटके येत होते. एस्नाटनं विचारलं तेव्हा कळलं, ताप येऊन चार दिवस झाले होते.

माझा तोल गेला. मी त्या बाईवर खेकसले, "चार दिवस? चार दिवस घरात ठेवलं लेकराला? आई आहेस का कोण आहेस? विचार तिला, एस्नाट, विचार!" एस्नाट तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. उत्तर ऐकायला मी थांबले नाही, सलाईन लावायच्या कामाला लागले.

बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं.

ताप

टीममधल्या प्रत्येकाला मलेरिया होऊ नये म्हणून रोज एक गोळी होती. परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. मी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बंद केली. पित्त व्हायचं, मळमळायचं. आणि आता घरी आलो, तिकडचे डास तिकडं राहिले, असा सोयीचा विचार केला. मी नर्स आहे. तीस वर्षं पेशंटांना म्हणत आले की गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडायचा नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी अंग मोडून आलं. जालन्यात एप्रिलमध्ये ताप म्हणजे ऊनच. सरांनी कैरीचं पन्हं करून दिलं. जयंतीला संध्याकाळी विहारात माझा सत्कार होता. मी पांढरी साडी नेसून, दोन तापाच्या गोळ्या घेऊन गेले आणि आफ्रिकेवर भाषण केलं. म्हणाले, "तिथं अजून अज्ञान फार आहे. लेकरू तापानं फणफणलं तरी आई चार दिवस घरी ठेवते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबल धरून उभी होते.

तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या दवाखान्यात गेलो. सर बाहेर स्कूटर लावत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं बाहेर, परदेशात वगैरे प्रवास?"

हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. मी म्हणाले, "न्हाई हो. केदारखेड्याला लग्नाला गेल्तो, तेवढंच."

का म्हणाले? गोळ्या मधेच सोडल्या हे एका डॉक्टरासमोर सांगायची लाज वाटली. मलावी म्हटलं तर पुढचा प्रश्न तोच येणार होता. आणि सरांचं ते वाक्य. त्यांनी म्हटलं तसंच झालं, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. तपासून सांगतील, व्हायरल असेल, दोन दिवसांत उतरेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "मलावीचं सांगितलं ना?"

"सांगितलंय मी."

"मंग काय म्हणले?"

"काही न्हाई. ऊन लागलंय म्हणले."

त्यांनी स्कूटर सुरू केली. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं, की तिकडचं काही नसेल ना. मी चिडले. म्हणाले, "नर्स मी आहे का तुम्ही?" चौथ्या दिवशी संध्याकाळी मी बाथरूमपाशी पडले.

हॉस्पिटल

निदान झालं त्याच दिवशी मला अॅम्ब्युलन्सनं संभाजीनगरला नेलं. रूपाली तिथं बँकेत आहे. मी बारा दिवस आयसीयूत होते, त्यातले पाच श्वासाच्या मशीनवर. डायलिसिस चार वेळा झालं.

शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली ती मरणाची नाही. माझे हात कॉटच्या कडेला बांधलेले होते. नळ्या ओढू नयेत म्हणून बांधतात. मी स्वतः कितीतरी जणांचे बांधले आहेत. बांधताना त्यांच्या तोंडाकडं कधी पाहिलं नव्हतं. तिथली एक तरुण सिस्टर रोज सकाळी हात सोडायची, मनगटाला खोबरेल लावायची आणि म्हणायची, "मावशी, अर्धा तास मोकळं बसा, मी इथंच आहे." तो अर्धा तास मी दिवसभर मोजत असायचे. दुसरं सुख म्हणजे बर्फाचा खडा. डायलिसिसमुळं पाणी मोजून मिळायचं. दुपारी तीन वाजता जिभेवर एक खडा ठेवायचे.

सर भेटायच्या वेळेत यायचे आणि पायथ्याशी उभे राहायचे. रूपाली आत असली तर ते बाहेर थांबायचे. सुरुवातीला मला वाटलं, आत एकालाच सोडत असतील.

मग एकदा पडद्यापलीकडून ऐकू आलं. रूपाली नवऱ्याला सांगत होती, "पप्पांना चार दिवस सुचलं न्हाई. एक शब्द बोलले असते तर ही वेळ आली नसती."

माझ्या घशातली नळी निघून तेव्हा दोन दिवस झाले होते. मला बोलता येत होतं.

रूपालीचं घर

डिस्चार्जच्या वेळी रूपाली म्हणाली, "मम्मीला मी माझ्याकडं ठेवते. तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई." सर म्हणाले, "बराबर आहे." आणि बसस्टँडवर गेले.

मी दोन महिने तिच्याकडं होते. केस पुंजक्यानं गळत होते, जिना चढताना दोनदा बसावं लागे, आणि नावं आठवायची नाहीत. विळीला काय म्हणतात ते एकदा आठवेना म्हणून मी स्वयंपाकघरात रडत बसले. आजारातून उठलेल्यांना सांगते, हे दिवस आयसीयूपेक्षा लांब वाटतात. आयसीयूत निदान सगळे आपल्यासाठी थांबलेले असतात.

सर दर रविवारी जालन्याहून यायचे. मोसंब्या आणायचे. दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, रूपालीनं म्हटलं की मगच आत माझ्या खोलीत यायचे. कशी आहेस, गोळ्या घेतल्या का, किडनीचा रिपोर्ट काय म्हणतो, एवढं विचारायचे. रूपाली चहा द्यायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची. चारच्या बसनं ते परत जायचे. वाळले होते. मी विचारलं, "जेवता काय?" म्हणाले, "करतो ना. खिचडी चांगली जमून राह्यली आता."

मी दर रविवारी ठरवायचे की आज सांगायचं. मग वाटायचं, थोडी ताकद येऊ दे. मग वाटायचं, आता विषय मागं पडला, कशाला उकरायचा. आजारी माणसाला सगळे माफ करतात आणि मला ते आवडायला लागलं होतं.

एस्नाटचा फोन

एका दुपारी एस्नाटचा फोन आला. मोतीलालकाकांकडून तिला कळलं होतं. ती आधी हसली, मग रडली, मग सिस्टरसारखी विचारपूस करायला लागली.

"कितव्या दिवशी गेलीस दवाखान्यात?"

मी म्हणाले, "खरं तपासलं ते पाचव्या दिवशी."

मग मीच विचारलं, "एस्नाट, ती बाळाची आई. मी तिला फार बोलले. तू तिला काय सांगितलंस तेव्हा?"

"तुझं बोलणं मी तिला सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, ही पाहुणी म्हणते आहे की तू फार लांबून चालत आलीस."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, नदीला पूर होता. नाव चालत नव्हती. दोन दिवस ती बाळाला घेऊन काठावर बसली होती." एस्नाट पुढं म्हणाली, "पण तुझा आवाज तिनं ऐकला होता, सुनंदा. आवाजाचं मला काही करता आलं नाही."

फोन ठेवून मी गॅलरीत जाऊन बसले. तिच्या वाटेत नदी होती. माझ्या घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर होता. तिच्यावर मी खेकसले होते. माझ्यावर कुणीच खेकसलं नव्हतं, माझ्या वाट्याचं सगळं सरांनी ऐकून घेतलं होतं.

रविवार

त्या रविवारी सर आले. मोसंबी सोलत बसले होते. मी म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरला मी मलावीचं सांगितलंच नव्हतं."

"तापात होतीस. राह्यलं असंल."

"राह्यलं न्हाई. त्यांनी विचारलं. मी न्हाई म्हणलं. मंग बाहेर येऊन तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांचे हात थांबले. "का पण?"

मी गोळ्यांचं सांगितलं. मग निघताना ते चहा पिता पिता काय म्हणाले होते तेही सांगितलं.

"मी असं म्हणलो होतो?"

ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. आठवत नव्हतं. मग म्हणाले, "मला रोज वाटायचं, मी स्कूटर लावत बसलो. आत यायला पाहिजे होतं. डॉक्टरला स्वतः विचारायला पाहिजे होतं. खिचडी करताना, आंघोळ करताना, तेच डोक्यात."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. म्हणाले, "रूपालीला सांगू नको. तुझ्यावर चिडंल. माझ्यावर चिडून झालंय तिचं."

ते चारच्या बसनं गेले आणि संध्याकाळी मी रूपालीला सांगितलं. ती ओरडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं आली आणि म्हणाली, "मम्मी, मी पप्पांना सगळ्यांसमोर बोलले गं."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती जालन्याला गेली. तिथं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी मला सांगितलं नाही. सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "रूपाली आल्ती. पिठलं केलं मी. खाऊन गेली."

त्यानंतरच्या आठवड्यात मी घरी आले. किडनी आता बरी आहे, केसही आले. ट्रस्टची नवी टीम निघते तेव्हा मोतीलालकाका मला बोलावतात. मी त्यांना दोनच गोष्टी सांगते. परत आल्यावरची गोळी सोडू नका, आणि ताप आला की पहिल्या दिवशी, पहिल्या वाक्यात, कुठून आलात ते सांगा. लाज वाटली तरी सांगा. दुसरं कुणी आपल्यासाठी सांगेल यावर राहू नका.

रूपाली आणि सर आता बोलतात. ती फोन करते, त्यांच्या बीपीच्या गोळ्या मागवते, दिवाळीला त्यांच्यासाठी सदरा घेते. पण आम्ही तिच्या घरी गेलो की सर आजही दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. ती म्हणते, "आत या ना पप्पा," मग उठून आत येतात. आधी मात्र तिथंच. विचारल्याशिवाय आत जायचं नाही, ही सवय त्यांना त्या दोन महिन्यांत लागली. ती लागत होती तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर होते, आणि जागी होते.